मोटार जळण्यापूर्वी : खानदेशातील कृषिपंपांच्या वीजदोषांची ओळख

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या पात्रापर्यंत पसरलेला रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांचा पट्टा केळीच्या बागांसाठी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु ही सारी हिरवाई विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर आणि ते पाणी वर आणणाऱ्या विजेच्या मोटारीवर अवलंबून आहे. एप्रिल-मे महिन्यांत जेव्हा खानदेशातील पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ठिबकवरील केळीच्या मोठ्या झाडाला दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी लागते. दीड मीटर अंतरावर लावलेल्या एक हेक्टर बागेत ४,४४४ झाडे बसतात. म्हणजेच एका हेक्टरला रोजचे सुमारे ८९ हजार लिटर पाणी हवे. अशा दिवसांत मोटार बंद पडली तर तो केवळ एका यंत्राचा बिघाड राहत नाही. निसवणीवर आलेल्या बागेला पाण्याचा ताण बसला की घडाचा भरणा कमी होतो आणि वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते.

मोटार बंद पडली की सर्वसाधारणपणे काय केले जाते? कप्पी आणि घोडी आणून पाइप वर ओढले जातात, मोटार तालुक्याच्या गावी नेऊन वाइंडिंग नव्याने भरून घेतली जाते आणि पुन्हा विहिरीत सोडली जाते. यात चार-आठ दिवस जातात व बराच पैसाही खर्च होतो. पुष्कळदा तीच मोटार थोड्याच दिवसांत पुन्हा जळते. याचे कारण असे की, मोटार हे दोषाचे मूळ नसून दोषाचा परिणाम जिथे प्रकट होतो ते शेवटचे ठिकाण असते. दोष विजेच्या वाटेवर तसाच राहतो आणि नवी वाइंडिंगही त्याला बळी पडते. म्हणूनच मोटार बाहेर काढण्यापूर्वी विजेची वाट तपासणे हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

मोटेपासून मोटारीपर्यंत

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने, म्हणजे बंधाऱ्यातून केवळ उताराच्या आधाराने पाणी वाटून घेण्याची परंपरा जुनी आहे. तेथे यंत्राची गरज नव्हती. विहिरीवर मात्र प्रथम बैलांची मोट होती, मग तेलावर चालणारे इंजिन आले आणि त्यानंतर वीज आली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणाला गती मिळाली. ६ जून २००५ रोजी या मंडळाची पुनर्रचना होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

विहिरींवर दिसणारी मोटार ही बहुधा तीन फेजवर चालणारी इंडक्शन मोटार असते. निकोला टेस्ला यांनी १८८८ साली अशा मोटारीचे पेटंट मिळविले आणि दुसऱ्याच वर्षी डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची मोटार सिद्ध केली. तीत घासणारे ब्रश नाहीत, बॅटरी नाही, नाजूक भाग थोडे आहेत. त्यामुळे पुरवठा नीट असेल तर ती वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. तिचा एकच आग्रह असतो : तिन्ही फेज हजर असावेत आणि त्यांचा दाब पुरेसा व सारखा असावा.

विजेची वाट

उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची वाहिनी निघते. ती रोहित्रापर्यंत, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील डीपीपर्यंत येते. तेथे दाब उतरून दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट इतका होतो. तेथून लघुदाब तारा, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, स्टार्टर, विहिरीत उतरणारी केबल आणि सरतेशेवटी मोटार अशी ही साखळी आहे. तपासणी याच क्रमाने, डीपीकडून विहिरीकडे करावी. शेतकऱ्याने स्वतः पाहावयाचे ते स्टार्टरच्या फलकावरील व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर एवढेच. डीपीचे काम वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे आणि तारांचे जोडकाम परवानाधारक वायरमनचे आहे.

पहिला दोष : कमी दाब

मोटारीची फिरविण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्क्यांवर आला तर ताकद ८० टक्के राहत नाही, ती ६४ टक्क्यांवर येते. पंपाचा भार मात्र तेवढाच राहतो. तो पेलण्यासाठी मोटार तारांतून अधिक प्रवाह ओढून घेते आणि तापते. इन्सुलेशनचे तापमान मर्यादेबाहेर दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे कमी दाबावर चालणारी मोटार त्याच दिवशी जळेल असे नाही. परंतु तिचे आयुष्य रोज झिजत असते.

नियमानुसार लघुदाब पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार मान्य आहे. म्हणजे दाब सुमारे ३९० ते ४४० व्होल्ट या दरम्यान असावयास हवा. तो ३५० व्होल्टच्या खाली असेल तर मोटार सुरू करण्याचा मोह टाळावा. व्होल्टमीटरचे वाचन मोटार बंद असताना आणि चालू असताना असे दोन वेळा घ्यावे. बंद असताना दाब चांगला आणि चालू होताच तो फार खाली येत असेल, तर वाटेत कुठे तरी तार बारीक आहे, जोड सैल आहे किंवा डीपीवर भार जास्त आहे, असे समजावे.

दुसरा दोष : एक फेज जाणे

मोटारी जळण्याच्या कारणांत हे कारण अग्रभागी आहे. डीपीवरील एखादा फ्यूज उडतो, किंवा स्टार्टरच्या एका संपर्कावर काजळी धरते आणि तीनपैकी एका फेजची वीज थांबते. मोटार त्या वेळी बंद असेल तर बटण दाबल्यावर ती केवळ गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबणे अत्यंत घातक आहे. कारण थांबलेली मोटार नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. मोटार आधीच चालू असेल तर ती उरलेल्या दोन फेजवर चालत राहते, पण त्या दोन तारांतील प्रवाह पावणेदोन पटींच्या घरात किंवा त्याहूनही अधिक वाढतो. पाणी येत असते, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही आणि आत वाइंडिंग करपत असते.

यावर उपाय म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. एक फेज जाताच किंवा तिन्हींच्या दाबात फार तफावत पडताच हे उपकरण मोटार बंद करते. परंतु ‘ते सारखे मोटार पाडते’ म्हणून त्याच्या तारा काढून टाकण्याची रीत ठिकठिकाणी दिसते. वास्तविक, उपकरण वारंवार मोटार पाडत असेल तर ते बिघडलेलेच आहे असे गृहीत न धरता पुरवठ्यात काय बिघडले आहे, याची चौकशी करावयास हवी. तीन फेजचा पुरवठा नसताना कपॅसिटर लावून एक किंवा दोन फेजवर मोटार ओढण्याचे प्रयोगही असेच महाग पडतात.

तिसरा दोष : स्टार्टर

स्टार्टरमध्ये तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, तांब्याचे किंवा चांदीच्या मिश्रणाचे संपर्क. ठिणग्यांनी ते खडबडीत होतात व एखादा नीट टेकत नाही. दुसरी, नो-व्होल्ट कॉइल. दाब फार कमी झाला किंवा वीज गेली की ही कॉइल सुटते व मोटार बंद होते. तिसरी, ओव्हरलोड रिले. प्रवाह ठरावीक मर्यादेपुढे गेला की काही सेकंदांनी ती मोटार तोडते. ४१५ व्होल्टवर ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला सुमारे साडेसात अँपिअर आणि साडेसात अश्वशक्तीची सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते. रिलेचा काटा मोटारीच्या पट्टीवर कोरलेल्या आकड्यावर ठेवावयाचा असतो. रिले वारंवार पडते म्हणून काटा पुढे सरकविणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून घराचे दार उघडे टाकणे होय.

चौथा दोष : केबल आणि पाण्याखालचे जोड

जळगाव जिल्ह्यात या दोषाला विशेष महत्त्व आहे. तापीच्या उत्तरेकडील भाग गाळाच्या जाड थरांचा असून तेथे कूपनलिका खोल आहेत. रावेर व यावल या तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याचे भूजल मूल्यांकनांत नोंदविले गेले आहे. पातळी खाली गेली की पाइप जोडून मोटार आणखी खाली सोडली जाते आणि केबललाही तेवढाच तुकडा जोडला जातो. असे चार-सहा उन्हाळे गेले की मूळची केबल कितीतरी लांब झालेली असते, तीत अनेक जोड असतात आणि तिची जाडी मात्र तीच असते.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येईल. २०० मीटर लांबीच्या, २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलमधून ५ अश्वशक्तीच्या मोटारीचा प्रवाह गेला, तर वाटेतच सुमारे १६ व्होल्ट खर्ची पडतात. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असेल तर ही घट सुमारे ७ व्होल्ट होते. स्टार्टरपाशी दाब मुळातच ३६० असेल, तर बारीक केबलमुळे मोटारीपर्यंत ३४४ च पोहोचतो. वरचा मीटर पाहून दाब चालण्याजोगा वाटतो, परंतु खाली मोटार उपाशी असते. म्हणून मोटार खोल सोडताना केबलची जाडी नव्याने ठरविली पाहिजे.

जोडांच्या बाबतीतही काळजी हवी. पाण्याखालील जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळून चालत नाही. तो जलरोधक साधनांनी बंद करावा लागतो. जमिनीवर तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसता पीळ देऊन जोडली तर तेथे गंज धरून जोड तापू लागतो. अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनविलेला लग किंवा कनेक्टर वापरावा. हात न लावताही असा जोड ओळखता येतो : आवरण वितळलेले असते किंवा तार काळवंडलेली दिसते.

अँपिअरमीटर काय सांगतो ?

मोटार विहिरीत खोल असते, दिसत नाही. परंतु अँपिअरमीटर तिची प्रकृती वर कळवीत असतो. प्रवाह नेहमीएवढा, पण पाणी कमी, असे असेल तर पाइपाला भोक पडले असण्याचा संभव आहे. प्रवाह नेहमीपेक्षा कमी आणि पाणीही कमी किंवा थांबून थांबून येत असेल, तर विहिरीतील पातळी पंपाच्या खाली गेली आहे किंवा पंपाची जाळी तुंबली आहे. अशा वेळी पंप त्वरित बंद करावा. पाणबुडी मोटारीला थंड ठेवणारे पाणीच नाहीसे झालेले असते. पातळी घसरताच मोटार बंद करणारे उपकरण यासाठी उपयुक्त ठरते. याउलट तिन्ही तारांतील प्रवाह जास्त असेल तर वाळूने पंखे जाम झाले आहेत, बेअरिंग झिजले आहे किंवा दाब कमी आहे.

डीपीवर किंवा वाहिनीवर दुरुस्ती झाल्यावर मोटार चालते, पण पाणी अगदीच थोडे येते, असाही अनुभव येतो. त्या वेळी फेजांचा क्रम बदलून मोटार उलटी फिरत असते. वायरमनकडून स्टार्टरवरील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून घेतली की दोष दूर होतो. मोटार बाहेर काढण्याची गरज नसते.

तीन तारांतील प्रवाह एकमेकांपासून बराच वेगळा असेल तर दोष पुरवठ्यात की मोटारीत, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी वायरमन वापरतात. तारेभोवती चिमट्यासारखा लावावयाच्या क्लँप मीटरने तिन्ही फेजांचा प्रवाह लिहून घेतात. मग मेन स्विच बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवितात. यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजल्यावर जास्तीचा प्रवाह पूर्वीच्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात आहे. तो मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर दोष केबलमध्ये किंवा मोटारीत आहे. यानंतर मेगर लावून इन्सुलेशन तपासावे. वाचन १ मेगओहमपेक्षा खाली असेल तरच मोटार वर काढण्याचा विचार करावा, आणि त्याही वेळी प्रथम केबलचे जोड पाहावेत.

एका डीपीचे अनेक भागीदार

काही दोष एकट्या शेतकऱ्याला दूर करता येत नाहीत. ६३ केव्हीए क्षमतेचे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे ८८ अँपिअर प्रवाह देऊ शकते. म्हणजे ५ अश्वशक्तीचे ११ पंप त्यावर चालू शकतात. एखाद्याने ५ अश्वशक्ती मंजूर असताना साडेसातची मोटार बसविली, दुसऱ्याने आकडा टाकला, तर साऱ्यांचाच दाब उतरतो आणि अखेरीस रोहित्र जळते. मग बारा मोटारींची बाग एकदमच तहानेली राहते.

कृषिपंपांना तीन फेजची वीज दिवसा किंवा रात्री ठरावीक तास पाळीने मिळत असल्याने रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक जण ऑटो स्विच लावतात. वीज येताच डीपीवरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार सहा पट प्रवाह ओढते, म्हणजे ११ मोटारी मिळून ४९० अँपिअरच्या आसपास मागणी करतात. रोहित्राला हा धक्का सोसत नाही. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू केल्या, तर हा धोका बराच टळतो.

कपॅसिटरचा उपयोगही असाच सामुदायिक आहे. ३ अश्वशक्तीला १, ५ अश्वशक्तीला २ आणि साडेसात अश्वशक्तीला ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर साधारणतः बसविला जातो. पॉवर फॅक्टर ०.८० वरून ०.९५ झाला तर वाहिनीतील प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटतो आणि डीपीवरील दाब सुधारतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टार्टरपाशी बसविलेला कपॅसिटर डीपीकडच्या तारांचा भार हलका करतो, विहिरीतील केबलचा नाही. बारीक केबलवर तो उपाय होऊ शकत नाही.

सौर पंपाचे दोष वेगळे

साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हापासून खानदेशातील उन्हाला नवा अर्थ प्राप्त झाला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेद्वारे दिवसा वीज देण्याचे आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेद्वारे ३, ५ व साडेसात अश्वशक्तीचे पंप देण्याचे प्रयत्न सुरू झाले. या पंपांना डीपी नाही, फेज जाण्याची भीती नाही. परंतु तेथेही मोटारीवर संशय घेण्यापूर्वी वाट तपासावी लागते. पॅनेलवर धूळ साचली किंवा वाढलेल्या झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी पाणी घटते. पॅनेल सकाळी थंड असताना स्वच्छ पाण्याने धुवावेत. कंट्रोलरच्या पडद्यावर दोषाचा संकेत उमटतो. तो लिहून घेऊन पुरवठादाराला कळवावा. कंट्रोलर स्वतः उघडू नये. उन्हात पॅनेलच्या तारांत सतत जोरदार वीज असते आणि ती मेन स्विचनेही पॅनेलपाशी बंद होत नाही.

जीव आधी, पाणी नंतर

पिकाला पाणी देण्याच्या घाईत डीपीवर चढून फ्यूज टाकणाऱ्या शेतकऱ्यांचे प्राण गेल्याच्या दुर्घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. वाहिनी बंद आहे असे वाटते आणि दुसऱ्या बाजूने, कोणाच्या तरी जोडणीतून किंवा जनित्रातून उलटी वीज आलेली असते. म्हणून डीपीला कोणीही हात लावू नये. १९१२ या क्रमांकावर किंवा आपल्या भागातील जनमित्राकडे तक्रार नोंदवावी. ओल्या हातांनी, अनवाणी किंवा चिखलात उभे राहून स्टार्टर उघडू नये. स्टार्टरची पेटी व मोटार यांना स्वतंत्र आणि पक्के अर्थिंग असावे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. खानदेशच्या तापलेल्या जमिनीत ओल गेली की अर्थिंग निकामी होते.

स्टार्टरच्या पेटीजवळ एक वही टांगून ठेवली आणि आठवड्यातून एकदा तारीख, व्होल्ट, तिन्ही तारांचे अँपिअर व पाण्याची धार यांची नोंद केली, तर दोष येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. मागील महिन्यात साडेसात अँपिअर घेणारी मोटार या महिन्यात साडेआठ घेऊ लागली, तर तिच्या वाटेवर काही बदलले आहे, हे अनुभवी वायरमनला त्या एका ओळीवरून कळते. मृगबाग असो वा कांदेबाग, ऐन उन्हाळ्यात कप्पी-घोडी शोधत फिरण्यापेक्षा फाल्गुनातच केबल, जोड, रिले आणि अर्थिंग यांची एकदा तपासणी करून घेणे श्रेयस्कर आहे. त्यासाठी अर्धा दिवस आणि वायरमनची मजुरी एवढाच खर्च येतो.